मशीनमधलं मशीन आणि वरच्या दोन खोल्या

घरजावई हा शब्द मला कधीच आवडला नाही, आणि तो मला लागू होतो हे मी बरेच दिवस कबूलही केलं नाही. माझ्या मते मी बालाघाटात सासऱ्यांकडे खोली मिळेपर्यंत राहत होतो. आमचं गाव कटंगीच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांत. तिथून रोज बसनं ये-जा केली असती तर अर्धा जन्म बसस्टँडवर गेला असता. लग्नानंतर सासरे म्हणाले, "खोली भेटेपर्यंत इथंच राहा, जावईबापू. घर का परकं आहे?" बायको त्यांची एकुलती एक. दीड वर्ष झालं तरी खोली काही भेटली नव्हती. जी पाहावी ती दुसऱ्या दिवशी गेलेली असायची, आणि मी माझ्या नशिबाला बोल लावून परत त्यांच्याच ओसरीवर येऊन बसायचो.

सासरे कचेरीतून नाझर होऊन निवृत्त झालेले. खुर्च्या, टेबलं, कंदील, कुलपं, सगळ्या सरकारी सामानाची राखण नाझराकडे, त्यामुळे अख्खं शहर त्यांना ओळखायचं. घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी सवयीनं लाल रंगानं नंबर घातला होता. पाटावर नंबर, पलंगावर नंबर, माझ्या सासूबाईंच्या शिलाई मशीनवर नंबर. मला नंबर नव्हता, पण सगळं शहर मला 'दामादजी' म्हणायचं, म्हणजे गोष्ट तीच. पानवाला दामादजी म्हणायचा, पोस्टमन दामादजी म्हणायचा. नाव माझ्या मार्कशीटवर तेवढं उरलं होतं.

घरात मात्र माझा थाट होता. जावयानं बादली उचलायची नाही, बाजारात पिशवी घेऊन जायचं नाही. जावयानं फक्त सांगायचं. मी सकाळी चहा पिताना सासूबाईंना म्हणायचो, "मामीजी, आज भरली वांगी करा." त्या म्हणायच्या, "हौ." दुपारी ताटात भरली वांगी. मी म्हणालो बैठकीला निळसर चुना बरा दिसेल, की आठवड्याच्या आत बैठक निळी. मी म्हणालो दाराजवळचं जास्वंद छाटायला हवं, की जास्वंद छाटलेलं. माणूस अशानं बिघडतो. हे घर आता आपल्या तालावर चालतं, म्हाताऱ्यांनी कारभार सोडला आहे आणि तो आपण न भांडता हातात घेतला आहे, असं मला मनापासून वाटायला लागलं होतं.

बायकोला तसं काही वाटत नव्हतं. ती त्याच घरात वाढलेली. लग्न झालं तरी तिची खोली तीच, तिची फणी तीच, आणि केसाला तेल लावलं का हे तिची आई तिला अजून विचारायची. एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मले दोन खोल्या पायजे. एक असली तरी चालन. पण कुलूप माह्या हातचं पायजे."

"इथं काय कमी आहे?" मी विचारलं. मी तेव्हा घराचा मालक होतो ना.

"काहीच कमी नाई, तेच तं म्हणून राह्यले. लग्न झालं का नाई तेच समजत नाई मले."

तिनं सुपातला खडा उचलून अंगणात फेकला. हे ती मला आयुष्यभर ऐकवणार, हे मला त्या खड्याच्या आवाजावरूनच कळलं.

खोल्यांचा योग आला तो एका तांदळाच्या व्यापाऱ्यामुळे. या शेठची गोंदिया रोडला मिल होती आणि रस्त्याच्या तोंडाशी ऑफिस. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपूरला व्याह्याच्या दुकानात शेठनं कॉम्प्युटर पाहिला आणि त्याहून मोठा आणायचा असं तिथंच ठरवून टाकलं. मी नागपूरला कॉम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स करून आलेला, बालाघाटात त्या वेळी हे सांगणारे फार नव्हते. शेठनं मला बोलावलं आणि हात जोडून अट घातली. "दामादजी, मशीन चला दो. नौकरी पक्की, और ऊपर के दो कमरे तुम्हारे. नहीं चली, तो नागपुर से आदमी बुलाना पड़ेगा, फिर कमरे भी उसी के."

मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. तिनं त्याच संध्याकाळी, वळचणीला पडलेला एक जुना स्टोव्ह काढून घासायला घेतला.

आता मशीनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्यानं पुढं माझ्या नाकी नऊ आणले. शेठनं घेतलेलं मशीन त्या काळच्या मानानं पहिलवान होतं. त्यावर एक मोठी सिस्टीम होती, जिच्यावर तीन पडदे एकदम चालायचे: एक ऑफिसात, एक गोदामात, एक शेठच्या खोलीत. पण शेठला हवा होता हिंदी गेटपास. ट्रकात किती पोती, कुठल्या गोदामातली, ड्रायव्हर कोण, हे सगळं हिंदीत छापून देणारा प्रोग्राम व्याह्याकडे होता, आणि तो साध्या, एकट्या मशीनवरच्या डॉस नावाच्या सिस्टीममध्ये चालायचा. विकणारा म्हणाला, काळजी नको, ही मोठी सिस्टीम आपल्या पोटात एक खोटं मशीन उभं करते. त्यात डॉस बसतो, डॉसमध्ये तुमचा प्रोग्राम बसतो. आत बसलेल्याला वाटतं की अख्खं मशीन आपल्या एकट्याचंच. खरा कारभार बाहेरचीच करते, पण आतल्याला ते कळू देत नाही. ऐकताना मला ही मोठी फसवाफसवी वाटली होती आणि आतल्याची थोडी कीवही आली होती.

मशीनची पूजा झाली. नारळ फुटला, कुंकू लागलं, कीबोर्डवर झेंडूची पाकळी पडली ती आत गेली आणि कित्येक दिवस एक बटण मऊ लागत राहिलं. थंड हवेचं यंत्र बसलं, बूट बाहेर काढायचा नियम झाला. खोली थंड असते हे ऐकून सासूबाईंनी भर चैत्रात माझ्यासाठी लोकरीचं स्वेटर पाठवलं. मी मोठी सिस्टीम सुरू केली, तिच्या पोटात डॉस सुरू केला, आणि डॉसमध्ये हिंदी प्रोग्रामला हाक मारली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिचा अर्थ असा होता की प्रोसेसर आधीच दुसऱ्याच्या ताब्यात आहे, मी सुरू होऊ शकत नाही.

शेठनं विचारलं, "क्या लिखा है?"

मी भोळेपणानं सांगितलं, "किसी और के कब्ज़े में है."

बालाघाटात कब्जा हा शब्द उच्चारला की माणूस उठून वकिलाकडे जातो. शेठच्या निम्म्या जमिनी त्याच एका शब्दापायी वर्षानुवर्षं कोर्टात होत्या. त्याचा चेहरा उतरला. विकणाऱ्यानं दुसऱ्याच्या नावावरचा माल आपल्या गळ्यात मारला, अशी त्याची खात्री झाली. दुसऱ्या दिवशी वकील येऊन मशीनच्या मागची पाटी वाचून गेला आणि नोटीस धाडायची का, असं मला विचारू लागला. त्याला थांबवायला मला मशीन चालवण्यापेक्षा जास्त बोलावं लागलं.

मग मी रीतसर कामाला लागलो. आधी व्होल्टेज, कारण बालाघाटात कशालाही आधी व्होल्टेज. मिल सुरू झाली की ऑफिसातले दिवे पिवळे पडायचे. स्टॅबिलायझर बदलला. ओळ तीच. मग अर्थिंग. मागच्या अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरला आणि सकाळ-संध्याकाळ त्यात बादलीभर पाणी ओतायला माणूस ठेवला. ओळ तीच. नागपूरच्या इंजिनीअरला ट्रंक कॉल लावला. तो म्हणाला, सगळं पुसा आणि पुन्हा टाका. फ्लॉप्यांची चळत घेऊन दिवसभर बसलो, सगळं पुसलं, पुन्हा टाकलं. संध्याकाळी ओळ तीच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

विचित्र गोष्ट अशी होती की वेगवेगळे दोघंही उत्तम होते. मोठी सिस्टीम बाजूला ठेवून नुसता डॉस लावला की हिंदी प्रोग्राम झकास चालायचा. प्रोग्राम काढून टाकला की मोठी सिस्टीम तीन पडदे हसत सांभाळायची. एकाला दुसऱ्याच्या पोटात बसवलं की घोडं अडायचं. भांडण प्रोग्रामचं नव्हतं, त्याच्या बरोबर आलेल्या एका कारभाऱ्याचं होतं, एवढं मी शोधून काढलं. हिंदी अक्षरांना मेमरी जास्त लागायची. ती मिळवून द्यायला प्रोग्रामनं स्वतःचा एक मेमरी सांभाळणारा आणला होता, आणि तो आत पाऊल टाकल्या टाकल्या सगळ्या मशीनच्या किल्ल्या मागायचा.

इथवर पोचूनही मी गाढवासारखा उलटं वागलो. मला वाटलं, आतला कमी पडतो आहे, त्याला ताकद द्यायला हवी. नागपूरहून त्याची नवी, जास्त दांडगी आवृत्ती मागवली. विचारू नको, घुस, असा हुकूम देऊन त्याला चालवलं. आतला पडदा दगडासारखा गोठला. बाहेर गोदामातला आणि शेठच्या खोलीतला पडदा मात्र मजेत चालू होता. आत आकाश कोसळलं होतं आणि बाहेर कुणाला पत्ताही नव्हता.

सासरे रोज दुपारी माझा डबा घेऊन ऑफिसात यायचे. डबा आणायला घरात गडी होता, पण ते स्वतः यायचे. चपला बाहेर काढायचे, खुर्ची उलटी करून तिच्या बुडाशी कुठं नंबर आहे का बघायचे, मग बसायचे. "चाललं का?" विचारायचे. मी नाही म्हटलं की चेहरा गंभीर करायचे आणि डब्यातली चटणी माझ्यापुढं सरकवायचे. मग जिना चढून वरच्या खोल्या पाहून यायचे. "पश्चिमेची भिंत आहे, जावईबापू. उन्हाळ्यात भट्टी होईन." दुसऱ्या दिवशी, "मिलचा कोंडा उडून येते. पोरीले खोकला होईन." तिसऱ्या दिवशी, "जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत." ज्या दिवशी पुसून पुन्हा टाकण्याचा डाव फसला त्या दिवशी त्यांनी जिलेबी आणली. शेठलाही दिली. निमित्त काय, हे कुणी विचारलं नाही.

घरी बायकोनं स्टोव्ह घासून लखलखीत केला होता आणि तो आमच्या खोलीत खिडकीत ठेवला होता. मी घरी आलो की ती एकदा माझ्याकडे आणि एकदा स्टोव्हकडे बघायची.

त्यातच सासरे उकव्याला गेले. तिथं खाणीत नोकरीला असलेल्या त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरायचं होतं, आणि नाझरसाहेबांशिवाय या कुटुंबात साधी सुपारीसुद्धा फुटत नसे. दोन दिवसांनी येतो म्हणून बैहरच्या बसनं गेले. मला बरंच वाटलं. मी चहा पिताना म्हणालो, "मामीजी, आज भरली वांगी करा."

"हौ," त्या म्हणाल्या.

दुपारी वरण-भात होता. संध्याकाळी वरण-भातच. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी आला. पुढच्या दाराला कुठला रंग, असं त्यानं विचारलं. मी हिरवा म्हणून सांगितलं. "जी, दामादजी," म्हणून त्यानं डबा खाली ठेवला, ब्रश डब्यावर ठेवला आणि पायरीवर बसून बिडी पेटवली. तासाभरानं पाहिलं तर बसलेलाच. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "बाबूजी आ जाएँ, फिर."

मी आत जाऊन विचारलं, "मामीजी, वांग्याचं काय झालं?"

"हौ, आणू ना. ते येऊ द्या उकव्याहून."

"वांग्यासाठी?"

त्या माझ्याकडे लहान पोराकडे पाहावं तशा पाहू लागल्या. "मंग? त्यांले इचारल्याबिगर कवा काही आणलं का या घरात?"

मग त्यांनी चुलीसमोर बसून, अगदी मायेनं, सगळं सांगितलं. मी भाजी सांगितली की त्या हौ म्हणायच्या, मागच्या ओसरीवर जाऊन सासऱ्यांना विचारायच्या, ते मान हलवायचे, मग गडी बाजारात जायचा. निळा चुना? "तुमी निळा म्हणले, तं ते म्हणले, जावईबापूले आवडते तं लावा." जास्वंद? ते त्यांनी स्वतः उभं राहून छाटून घेतलं होतं. आणि त्या खोल्या, ज्या मी पाहायचो आणि ज्या दुसऱ्या दिवशी गेलेल्या असायच्या? "त्या खोलीवाल्यांकडं हेच गेलते ना सांगाले. म्हणले, आमचे जावईबापू इथंच बरे आहेत." यात लपवण्यासारखं काही आहे असं त्या बाईंना वाटतच नव्हतं. जावयाची एवढी काळजी करणारे सासरे मिळाले याचा मला आनंद होईल, अशी त्यांची अपेक्षा होती.

मला भयंकर राग आला. दीड वर्ष मी ज्या घराचा कारभार करत होतो त्या घरात मी एकही वांगं हलवलं नव्हतं. जेवलो नाही, ऑफिसात जाऊन बसलो, आणि मशीन सुरू केलं कारण दुसरं काही सुचत नव्हतं. पडद्यावर नेहमीची ओळ आली. प्रोसेसर आधीच दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

त्या दिवशी पहिल्यांदा मी ती ओळ नीट वाचली, आणि हसायला लागलो. डॉस गेल्या दीड वर्षातल्या माझ्यासारखा होता. तो वांगी मागायचा, वांगी यायची, तो खुशीत होता. घर कुणाच्या नावावर आहे हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. भानगड त्या आतल्या कारभाऱ्याची होती. मेमरी हवी, तर बाहेरची ती द्यायला बसलेलीच होती. हा आल्या आल्या किल्ल्या तपासायला जायचा, त्या दुसऱ्याच्या कमरेला दिसायच्या, आणि हा रुसून दारातून परत फिरायचा. आणि मी त्यालाच तालीम देऊन दांडगा करत होतो.

मी डॉसच्या सुरुवातीच्या फाइलीतून त्या कारभाऱ्याची ओळ खोडून टाकली. बाहेरच्या सिस्टीमच्या पुस्तकात शोधलं, तर आतल्याला मेमरी वाटून द्यायची तिच्याकडे वेगळी सोय होती. आतल्याचा स्वतःचा माणूस आहे म्हणून मी तिथं शून्य ठेवलं होतं. शून्य खोडून आकडा घातला आणि पुन्हा सुरू केलं. पडदा जरा थरथरला, आणि मग त्यावर सावकाश, मोठ्या अक्षरांत 'गेट पास' उमटलं.

शेठ धोतर सावरत आला. "कब्ज़ा छूट गया?"

"नहीं शेठजी, कब्ज़ा उसी का है. हमने पूछना छोड़ दिया."

त्यानं यावर बराच वेळ विचार केला आणि वकिलाला निरोप पाठवला की नोटीस नको. छपाईनं त्या दिवशी वेगळाच घोळ घातला. आतल्यानं छापायला दिलेलं बाहेरची आपल्याकडे दाबून ठेवायची, आणि आतला पूर्ण बंद केला की सगळे पास एकदम ओकायची. दुपारभर ट्रकांची रांग गोंदिया रोडवर उभी राहिली आणि ड्रायव्हर लोकांनी माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. पण तोवर माझा हात बसला होता. संध्याकाळपर्यंत तेही सुटलं. शेठनं वरच्या खोल्यांचं कुलूप आणि दोन किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. मशीनचं, वांग्यांचं, खोलीवाल्यांचंही. आणि मला जे ज्ञान झालं होतं ते तिला ऐकवायचा मोह मला आवरला नाही. म्हणालो, बघ, आत राहायलाही काही हरकत नसते. किल्ल्या कुणाकडे आहेत हे तपासायचं सोडून दिलं की सगळं सुरळीत चालतं.

तिनं माझ्या हातातून दोन्ही किल्ल्या घेतल्या. "तुमच्या मशीनले चाललं असंन. मले नाई चालत," ती म्हणाली आणि किल्ल्या पदराला बांधल्या.

दुसऱ्या दिवशी सासरे उकव्याहून आले. ओसरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. मी सांगायचं असं आमचं ठरलं होतं, पण मला तेवढ्यात वर्तमानपत्रात काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. तीच पुढं झाली.

"बाबा, मशीन चाललं. आमी शेठच्या वरच्या खोल्यांत जातो."

ते नाडीकडे पाहत म्हणाले, "पश्चिमेची भिंत आहे."

"हौ."

"कोंडा येते."

"हौ, येते. तरी जातो."

त्यांनी एक बूट काढला, दुसरा काढायचा विसरले. "किल्ली?"

"माह्याजवळ आहे."

"दुसरी?"

"ते बी माह्याजवळच आहे."

रंगारी अंगणात उभा होता. त्याला म्हणाले, "हरा लगाओ. दामादजी ने बोला है न?"

आम्ही गेलो त्या दिवशी ते आले नाहीत. सामान बैलगाडीतून पाठवलं, प्रत्येक वस्तूवर लाल नंबर. सासूबाई बरोबर आल्या, भांडी लावून दिली, झाडलोट केली. बायकोनं त्या घासलेल्या स्टोव्हवर पहिला चहा केला आणि हौसेनं कप आईपुढं धरला. सासूबाईंनी हात मागं घेतला. "नको बाई. आता हे तुहं घर."

मला क्षणभर कळलं नाही. त्या घरातली जुनी रीत: लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आजवर हा प्रश्नच आला नव्हता, कारण ती बापाच्याच घरी होती आणि पाणी त्याचंच होतं. पश्चिमेच्या भिंतीत आणि उंच पायऱ्यांत म्हाताऱ्याचं काय अडकलं होतं ते मला त्या कपाकडे पाहताना समजलं. बायको पोत्यावर बसून ओक्साबोक्शी रडली. आपण हे कसं विसरलो, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पण परत जाऊ, असं म्हणाली नाही.

सासरे आले ते वैशाखात. भर दुपारी, छत्री घेऊन, पायी. जिना चढून वर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. दारात थांबून म्हणाले, "बसू का?" या माणसानं मला बसू का म्हणून विचारावं हे मला सहन झालं नाही. मी खुर्ची पुढं केली. बायकोनं सवयीनं पाण्याचा तांब्या आणि पेला आणून ठेवला आणि ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. सासऱ्यांनी पेल्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ सुकून पांढरे झाले होते.

"तहान नाई," ते म्हणाले.

मग ते उठले. "खाली मशीन चालते का पाहून येतो."

मी मागोमाग गेलो. ऑफिसच्या कोपऱ्यात ट्रकवाल्यांसाठी शेठनं एक माठ ठेवला होता. सासरे तडक माठापाशी गेले, झाकण काढलं, आणि उभ्यानंच दोन-तीन पेले पाणी घटाघटा प्याले. मिशा पुसत माझ्याकडे वळून, नाझराच्या जुन्या आवाजात म्हणाले, "खालचं शेठचं हापिस आहे. पोरीचं घर जिन्यापासून सुरू होते."

मग वर येऊन तासभर बसले, खुर्चीचं बूड तपासलं, भिंत किती तापते ते हात लावून पाहिलं.

त्यानंतर ते दर दोन-चार दिवसांनी येऊ लागले. वर येऊन बसायचे, मध्येच मशीन पाहायला खाली जायचे, पाणी पिऊन वर यायचे. दरम्यान बायको सकाळी ऑफिस उघडायच्या आधी खाली उतरायला लागली. माठ घासून काढायची आणि वरून आपल्या कळशीनं, आपल्या घरचं पाणी त्यात भरायची. शिपायाला नवल वाटलं, पण त्याचं काम वाचत असल्यानं त्यानं चौकशी केली नाही. ती जिन्यावरून कळशी घेऊन उतरत असताना सासऱ्यांनी तिला एकदा रस्त्यावरून पाहिलं होतं. पानाच्या ठेल्यापाशी उभे होते, मला दिसले. ती आत जाईपर्यंत तिथंच थांबले आणि मग दुसऱ्या रस्त्यानं घरी गेले.

ऊन वाढलं तशी तिनं माठात वाळ्याची जुडी सोडली. त्या दुपारी सासरे खाली गेले, नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला, आणि धापा टाकत वर आले. ती पाठ करून स्टोव्हपाशी बसली होती.

"शेठ चांगला माणूस आहे," ते खुर्चीत बसत म्हणाले. "ट्रकवाल्याच्या माठात वाळा टाकते."

"हौ, बाबा," ती म्हणाली.